खोलीच्या सुरावर लावलेली गिटार

१

वाद्य आणि माणसाचा देह यांचे नाते सांगणाऱ्या कथा पुष्कळ भाषांत आढळतात. मी त्यांची तीन घराणी मानत आलो आहे. पहिल्या घराण्यात मारल्या गेलेल्या मुलीच्या हाडाचे किंवा केसांचे वाद्य होते आणि ते भर सभेत मारेकऱ्याकडे बोट दाखवते. दुसऱ्यात कारागीर आपल्या जिवलग माणसाचा आवाज वाद्यात उतरवतो. वाद्य ज्या दिवशी गाऊ लागते, त्या दिवशी ते माणूस मुके होते. तिसऱ्या घराण्यातल्या कथा संख्येने थोड्या आहेत, आणि सांगणारेही त्या हातचे राखूनच सांगतात. त्यांत वाद्य माणसाकडून हाड, केस, आवाज असे काही मागून घेत नाही. ते अख्खे माणूसच आत घेते.

या तिसऱ्या घराण्याचा शेवट दोन प्रकारे होतो. एका पाठात घरची माणसे वाद्य फोडतात आणि मुलगी बाहेर येते. केसांत भुसा, डोळे उजेडाने दिपलेले, पण धडधाकट. दुसऱ्या पाठात घरची माणसे वाद्य फोडतात, आत काही नसते, आणि तोवर आतून जो आवाज येत होता तोही थांबतो. मूळ पाठ कोणता, यावर उमेदीच्या काळात मी एक लांबलचक निबंध लिहिला होता. दुसरा पाठ मूळ आहे आणि पहिला सांगणाऱ्यांच्या दयाबुद्धीतून मागाहून उपजला, असा त्याचा निष्कर्ष. तो अजून कुणी खोडलेला नाही.

खाली नोंदवलेली कथा याच घराण्यातली. फरक इतकाच, की ती मला कुणी सांगितलेली नाही. तिच्यातला कारागीर माझा थोरला भाऊ आहे. तरीही इतर कथांना जो नियम लावतो तोच हिला लावतो: पाहिले आणि ऐकले तेवढेच लिहायचे.

२

दादा गिटार बनवतो. घराचा पुढचा भाग ही त्याची कार्यशाळा. तिच्यामागे बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. आणि एका अरुंद वाटेच्या टोकाला त्याच्या मुलीची खोली. निवृत्तीनंतर मी वरच्या मजल्यावर राहायला आलो. सकाळचा चहा मात्र कार्यशाळेतच घ्यायचा, कारण तिथे कुणी बोलायचा आग्रह धरत नाही.

दादाचा दिवस एका ठरलेल्या कामाने सुरू होतो. तयार झालेली प्रत्येक गिटार तो मांडीवर घेतो, तारांवर पंजा ठेवून त्या गप्प करतो, आणि समोरच्या गोल भोकापाशी ओठ नेऊन हलकेच गुणगुणत वरून खाली येतो. त्या भोकाला तो तोंड म्हणतो आणि गिटारच्या पोकळ अंगाला पेटी. खाली येता येता एका ठिकाणी पेटी आपणहून थरथरते आणि त्याच्या गुणगुणण्याला उत्तर देते. तो तिचा सूर. तारा काढून टाकल्या तरी तो तिच्यापाशी राहतो, कारण तो तारांचा नसतोच; आत कोंडलेल्या हवेचा असतो. आत हवा जास्त, तर सूर खाली. आत हवा कमी, तर सूर वर. तोंड लहान केले तर आणखी थोडा खाली. बाटलीवर फुंकर मारणाऱ्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक असते; दादाने त्यावर आयुष्य काढले.

तारेची लांबी ही निराळी बाब. पेटीवर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून मानेच्या टोकावरच्या पट्टीपर्यंत तार जितकी लांब, तितकी त्याच सुरासाठी ती जास्त ताणावी लागते, आणि ताणलेल्या तारेचा खर्ज स्वच्छ, घंटेसारखा येतो. तार आखूड असेल तर ती सैल राहते, बोटांना सुखाची, आवाजाला मऊ. पण फार खाली उतरवली की नुसती लोंबते. म्हणून खर्जाची गिटार थोराड असते: पेटी मोठी, मान लांब. लहान पेटी बोलते चटकन, मधल्या सुरांत गोड बोलते, पण तळाशी तिच्यापाशी काही नसते. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "तार हवी तेवढी उतरवता येते. पेटी उतरवता येत नाही."

ज्या मुलीला हे रोज ऐकावे लागे, तिला खर्जच वाजवायचा होता.

३

तिचे घरातले नाव मुंगी. ते मीच ठेवलेले. वयाने चोवीस पूर्ण झालेली, पण अनोळखी माणूस तिला अजून शाळेचे विचारायचा. आवाज मात्र त्या अंगात कुठून आला असा प्रश्न पडावा इतका खालचा आणि भरदार. फोनवर लोक तिला दादा समजत, आणि ती त्यांच्याशी दादा म्हणूनच बोलून कामे उरकायची.

चार गिटारींच्या एका वाद्यवृंदात खर्जाची जागा रिकामी होणार होती. त्या जागेसाठी मुंगीने काही वर्षे मोठी गिटार वाजवली. पेटीवरून हात टाकण्यासाठी तिला खांदा कानापर्यंत उचलावा लागे, आणि लांब मानेवर डावी बोटे पोचवण्यासाठी कंबरेतून वाकावे लागे. वहिनी म्हणायची, आमच्याकडे गिटार मुंगीला वाजवते. मग तो खांदा एक दिवस खालीच राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की मोठी गिटार पुन्हा हातात घेतली तर पुढे केस विंचरायलाही हात वर जाणार नाही.

म्हणजे एक तर लहान अंगाच्या गिटारीतून मोठीचा खर्ज काढायचा, नाही तर जागा सोडायची. दादाने पहिल्यांदा हसण्यावारी नेले, मग तिला बाटलीपासून सगळे पुन्हा समजावले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "लहान अंगाला खर्ज नसतो ना, बाबा? मग मी आत्ता बोलते आहे ते कुठून?"

दुसऱ्या दिवशी दादाने लाकूड काढले.

४

गिटार सुरेख झाली. पेटी लहान, बाजूच्या बगला किंचित खोल, मान आखूड, तारा जाड. मुंगीच्या कुशीत ती अशी बसली, की वहिनीच्या डोळ्यांत पाणी आले. पण वाजवल्यावर व्हायचे तेच झाले. खालची तार छेडली की सूर कोणता ते कळायचे, पण तो ऐकू यायचा नाही. त्याच्या वरच्या सावल्या ऐकून कानाने त्याचा अंदाज करायचा. मुंगीने गिटार पुसून ठेवली.

पुढचे दादाने मला एकट्याला सांगितले. मुंगी घरी नसताना तो तिच्या खोलीत गेला, दार लावले आणि कोपऱ्यात तोंड करून गुणगुणत खाली येत गेला. खोली हीसुद्धा एक पेटीच. एका ठिकाणी कोपरा घुमला. तो खोलीचा सूर. मग त्याने गिटारच्या तोंडाला आतून लाकडाची एक कडी चिकटवली, ती तासत तासत तोंड इतके लहान राखले, की पेटीचा सूर खोलीच्या सुराला बरोबर जाऊन मिळाला.

"आता ती त्या खोलीत वाजली की खोली तिच्या मागे उभी राहील," दादा म्हणाला. "बाहेर नेली तर पुन्हा डबा."

वाद्यवृंद ज्या बाई चालवतात, त्या कोणत्याही नव्या वादकाला त्याच्या रियाजाच्या खोलीतच ऐकतात; परक्या खोलीत माणूस पाहुण्यासारखे वाजवतो अशी त्यांची समजूत आहे. दादाचा सगळा हिशेब त्यावर होता. एकदा जागा मिळू दे, पुढचे पुढे.

मला त्याच्या उस्तादांची एक ताकीद आठवत होती. दादा शिकत असताना मी त्यांच्याकडे जात-येत असे. खोलीच्या सुरावर पेटी लावायची नाही, असे ते प्रत्येक शिष्याकडून वदवून घेत. कारण विचारले तर सांगत, की अशी गिटार फसवी, गिऱ्हाईक घरी नेईल आणि शिव्या घालेल. कारण अगदी व्यवहारी आहे. पण विधिनिषेधांचा अभ्यास करणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते: मनाई आधी असते, आणि पटण्यासारखे कारण तिला मागाहून येऊन चिकटते. हे मी तेव्हा दादाला बोलून दाखवले. एक गमतीचे उदाहरण म्हणून.

५

त्या दुपारी आम्ही जेवून उठत होतो आणि मुंगीच्या खोलीतून खर्ज आला. मी त्याचे वर्णन करू शकतो, कारण तो कानाआधी पायांना कळला. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले. वहिनी ओला हात तसाच धरून म्हणाली, "भाऊजी, ती मोठी गिटार पुन्हा कोणी काढून दिली हिला?"

दार उघडून मुंगी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी तिच्या लहानपणानंतर पाहिले नव्हते. दादाने तिला कडीचे काही सांगितले नाही. ती घराभर नाचली, वडिलांच्या पाठीवर थापा मारून पुन्हा आत गेली आणि दार लावून बसली. दार लावूनच वाजवायचे, उघड्या दाराने आवाज पळतो, एवढी एक सूचना दादाने दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना दादाने नेहमीप्रमाणे त्या गिटारचा सूर काढला. मग पुन्हा काढला. सूर कालच्यापेक्षा किंचित खाली होता.

नवे लाकूड पहिल्या दिवसांत हलते, सरस सुकतो, हवा दमट असते. दादाने ही कारणे मला ओळीने सांगितली आणि मी ती ओळीने मान्य केली. पण तिसऱ्या दिवशी सूर आणखी खाली गेला, आणि त्या आठवड्यात तो जिथे पोचला, तिथे घरातली सर्वांत मोठी गिटारही जात नव्हती. दादाने लहानीची उंची, रुंदी, बगलांची खोली, तोंडसुद्धा पुन्हा पुन्हा मोजले. बाहेरून ती केसभरही बदलली नव्हती.

"हवा जास्त झाल्याशिवाय सूर खाली जात नाही," तो म्हणाला. हे तो मला सांगत नव्हता.

६

मुंगीच्या खोलीत पलंगाच्या वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक फळी बसवलेली आहे. दादाने ती अशी अचूक कापली होती की खिळ्याशिवाय, नुसत्या दोन टेकूंवर, ती भिंतींत घट्ट बसली. तिच्यावर मुंगीची पुस्तके. मी एकदा एक पुस्तक मागायला गेलो तेव्हा ती फळी मधोमध वर उचलली गेली होती, दोन्ही टोकांनी दाबलेल्या पट्टीसारखी. पुस्तके तिच्या उतारावर दोन्हीकडे कलली होती.

कपाटाचे दार पलंगाला अडून अर्धेच उघडत होते. मी मुंगीला विचारले, की ते आधीपासून तसेच होते का. ती म्हणाली, असेल, कोण बघतो. मग हसून म्हणाली, "काका, मला आता पलंगावर बसल्या बसल्या खिडकी लावता येते. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या मापाची खोली केली."

मी वर आलो आणि विचार केला. लाकूड दमट हवेत फुगते; फुगलेली फळी भिंती अडवतात, म्हणून ती वाकते. कपाटाचे दार पूर्वी पूर्ण उघडत असे याला पुरावा फक्त माझ्या आठवणीचा, आणि आठवणीच्या पुराव्याची किंमत किती, हे मी विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवत आलो. ही मांडणी निर्दोष होती. तरीही त्यानंतर मी त्या खोलीत पाय ठेवला नाही. उंबऱ्यावरूनच बोलू लागलो, आणि तसे का, याचे उत्तर माझ्या मांडणीत नव्हते.

७

पेटीत किती जागा आहे ते मोजायची दादाची एक जुनी रीत आहे. तोंडातून मोहरी भरायची, पेटी काठोकाठ भरली की ती पुन्हा मापाच्या भांड्यात ओतून घ्यायची. एका दुपारी मुंगी बाजारात गेलेली असताना त्याने गिटार टेबलावर उताणी ठेवली, तारा बाजूला केल्या आणि कागदाच्या नळीतून मोहरी सोडली.

पहिल्यांदा दाणे लाकडावर पडल्याचा तडतडाट आला, तो मला ओळखीचा होता. मग तो खोल गेला. दाणे पडत होते, पण पडल्याचा आवाज उशिरा आणि दुरून येत होता, आणि तो लाकडाचा नव्हता. फरशीचा होता. दादाने डबा रिकामा होईपर्यंत ओतले. पेटी भरली नाही. त्याने गिटार उचलली. ती नेहमीइतकीच हलकी होती. तिला उलटी करून हलवली, तेव्हा चार दाणे बाहेर पडले.

आम्ही दोघे तसेच उभे होतो. मुंगी परत आली, आपल्या खोलीत गेली आणि तिथूनच तिने आईला हाक मारली.

"आई, माझ्या खोलीत मोहरी कोणी सांडली?"

वहिनी झाडू घेऊन गेली आणि बडबडत झाडू लागली. मी वाटेतून पाहिले. दाणे फरशीभर पसरले होते, वरून पडल्यावर उडून जसे पसरतात तसे, आणि पलंगावर, पुस्तकांवरही होते. मी वर पाहिले. छत रोजच्यासारखे कोरे होते.

८

त्या संध्याकाळी दादाने मुलीला सगळे सांगितले; कडीचे, खोलीच्या सुराचे, उस्तादांच्या ताकिदीचे. मोहरीबद्दलही. तो गिटार मागायला आला होता. आत्ताच्या आत्ता तोंडाची कडी काढतो, म्हणाला.

मुंगी गिटार कुशीत धरून बसली होती. बाई दुसऱ्याच दिवशी दुपारी येणार होत्या. तिने वडिलांवर आवाज चढवला नाही. फसवलेत मला, एवढेच म्हणाली. वहिनी मोहरीचे खापर उंदरांवर फोडत होती आणि कुणी तरी आपल्याला दुजोरा द्यावा म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"उद्या त्या गेल्या की काढा कडी," मुंगी म्हणाली. "एकदाच वाजवीन. त्यानंतर ही जाळा, फोडा, काय वाटेल ते करा."

"उद्या नाही," दादा म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "काका, तुमचा तर जन्म या गोष्टींत गेला. अशा गोष्टी खऱ्या असतात का?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी विचार करून बोललो. मी नेहमीच विचार करून बोलतो.

"त्या खऱ्या नसतात," मी म्हणालो. "त्या सांगितल्या जातात."

दादाने मान खाली घातली. गिटार तिच्यापाशीच राहिली.

९

बाई वेळेवर आल्या. उंच, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मुंगीच्या खोलीत डोकावून त्यांनी हसून सांगितले, की इथे दोघींची सोय दिसत नाही, मी बाहेरच बसते. खोली लहानच आहे, असे वहिनी घाईने म्हणाली. आम्ही वाटेच्या अलीकडे खुर्च्या मांडल्या. मुंगीने दार ओढून घेतले. दार वाटेच्या बाजूला उघडणारे आहे. ते लावण्यापूर्वी तिने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, लहानपणी चोरून खाऊ घेताना उडवायची तशा.

मग ती वाजवू लागली. पहिल्या काही सुरांतच बाईंनी डोळे मिटले. खर्ज आला आणि खुर्चीच्या पाठीतून आमच्या पाठीत शिरला. प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा मोठा होता. मोठा म्हणजे मोठ्याने नव्हे, विस्ताराने. एखाद्या प्रशस्त दालनात, दूरच्या टोकाला कुणी वाजवत बसावे तसा. बाई डोळे न उघडता पुटपुटल्या, "ही जागा हिचीच."

दाराआड काही तरी मोडले. लाकूड मोडल्याचा तो आवाज दादाने माझ्याआधी ओळखला. ती फळी होती. तो उठला. त्याच वेळी गिटार मधेच थांबली. सुराची घुमक मात्र विरली नाही. ती हळूहळू लहान होत गेली, लांब जाणाऱ्या माणसासारखी.

दादाने दार उघडले.

दाराच्या चौकटीत भिंत होती. अख्ख्या खोलीतला जेमतेम वीतभर खोल एक कोनाडा त्या भिंतीत राहिला होता, आणि त्यात गिटार उभी होती. खाली, वर आणि बाजूंना चपखल बसलेली, तोंड आमच्याकडे. तिच्या खालच्या तारा अजून थरथरत होत्या.

मी घराला वळसा घालून मागे धावलो. खिडकी होती तिथेच होती. तिच्या काचेला आतून गिलावा चिकटलेला होता, आणि दोहोंमध्ये पडद्याची चुणी अडकली होती. परत आलो तेव्हा बाई उभ्या होत्या. त्यांनी आपली पिशवी छातीशी धरली होती आणि बैठकीच्या भिंतीला पाठ लावून, एकेक पाऊल सरकत, बाहेरच्या दाराकडे चालल्या होत्या. त्यांना कुणी थांबवले नाही.

दादाने गिटार काढून बैठकीच्या टेबलावर ठेवली. पेटीच्या आतले जोड तपासायला त्याच्याकडे लांब दांडीचा एक आरसा आहे, त्याला दिवा जोडलेला. त्याने तो तोंडातून आत घातला. दिवा लावायची गरज पडली नाही. तोंडातून उजेड बाहेर येत होता, दुपारचा, पिवळा.

मी त्याच्या खांद्यावरून आरशात पाहिले. एक सरळ, न वाकलेली फळी. तिच्यावर उभी पुस्तके. फरशीवर खिडकीच्या गजांची सावली. आणि आरशाच्या अगदी कडेला, पलंगावरून खाली लोंबणारे एक पाऊल, ते हलत होते, ताल धरल्यासारखे. आरसा किंचित कलला आणि ते त्याच्याबाहेर गेले.

वहिनीने दोघांना दूर लोटले. तिने गिटारच्या तोंडापाशी आपले तोंड नेले आणि हाक मारली. "मुंगे."

पेटी थरथरली. तो खालचा, भरदार आवाज आला.

"आई, दार कुठे गेलं?"

१०

दादा करवत घेऊन आला. वहिनी गिटारवर आडवी पडली. आत पोर बसली आहे आणि तुम्ही कापायला निघालात, असे काही ती म्हणत होती. त्यातले शब्द मला पुरते आठवत नाहीत. दादाने तिला ओढले नाही. तो माझ्याकडे वळला.

"तुला या गोष्टी पाठ आहेत," तो म्हणाला. "फोडल्यावर काय होतं?"

मी सांगितले, की दोन पाठ सापडतात. दोन्ही सांगितले.

"त्यातला खरा कोणता?"

माझ्यापाशी त्यावर एक निबंध होता. "ठरलेलं नाही," मी म्हणालो.

दादाने करवत भिंतीला टेकवून ठेवली. निर्णय असा कुणी घेतला नाही. वाट पाहायची एवढेच झाले. खोली गेली तशी परतही येईल, असे वहिनी म्हणाली आणि आम्ही दोघांनी ते मान्य केले. ती टेबलापाशी बसून राहिली, मुलीशी बोलत. आजारी माणसाशी बोलतात तसे, इकडचे तिकडचे. मुंगी उत्तरे देत होती. तहान नाही म्हणाली, भीती थोडी वाटते म्हणाली. एकदा तर वडिलांना विचारले, की बाईंनी काय सांगितले. जागा तुझीच, असे दादाने तिला सांगितले. त्यावर ती हसली, आणि टेबल हलले.

मी अधूनमधून वाटेच्या टोकाला जाऊन येत होतो. चौकटीत भिंत तशीच होती. तिथे बोटभरही जागा वाढत नव्हती.

उजाडता उजाडता मुंगीने आईला विचारले, "कपाट कोणी पुढे सरकवलं?"

वहिनीने दादाकडे पाहिले. दादा उठला. त्याने रोजच्यासारखी गिटार मांडीवर घेतली, तारांवर पंजा ठेवून त्या गप्प केल्या, तोंडापाशी ओठ नेले आणि गुणगुणत वरून खाली येऊ लागला. त्याला फार खाली यावे लागले नाही. पेटी लवकरच थरथरली. त्याने पुन्हा वरून सुरुवात केली, आणि पेटीने त्याला त्याहून वर गाठले.

आत हवा कमी, तर सूर वर. हे त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होते.

वहिनी उठली, भिंतीला टेकवलेली करवत तिने उचलली, आणि ती आणून दादाच्या हातात दिली.